मुका फोन आणि गुळगुळीत टायर

२९ मार्च १९८३, मंगळवार

पुन्हा तेच! नागपूरहून परत येताना सेलूच्या अलीकडे चाक बसलं. मागचं, उजवं. बायको, आनंदा, मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली, मांडीवर पितळेचं पातेलं – इंजेक्शन घेतलं की रस्ताभर उलट्या होतात तिला. मी घामाघूम होऊन जॅक लावतोय आणि ही आतून विचारते, "मी उतरू काय? तेवढंच वजन कमी होईन." या बाईला काय म्हणावं!

चारही टायर गुळगुळीत झालेत. मागच्या दोन्हींतून आतलं कापड डोकावतंय. आनंदाची गाठ काढली तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं – दर मंगळवारी इंजेक्शन, जून संपेपर्यंत, एकही चुकवायचं नाही. रेल्वेने न्यावं तर स्टेशनचा पूल तिला चढवत नाही. भाड्याची गाडी सांगावी तर लग्नसराई, सगळ्या गाड्या वऱ्हाड वाहण्यात गुंतलेल्या. राहिली आमची म्हातारी अँबेसेडर. तिला टायर हवेत. बस, एवढंच मागणं आहे माझं या जगाकडे – टायर!

३० मार्च

सगळा बाजार पालथा घातला. टायर नाहीत. "कंपनीतूनच माल येऊन नाई राह्यला." एक म्हणतो आठ दिवसांनी या, दुसरा म्हणतो आठ दिवसांपूर्वी यायचं होतं. तिसऱ्याकडे एक टायर होता, पण टायर पाहिजे तर ट्यूब घ्या, आणि ट्यूब घेतली तर बॅटरीसुद्धा घ्यावी लागेल म्हणे! मी म्हणालो, गाडीच का नाही विकत मला? हसला निर्लज्ज.

संध्याकाळी शेजारचे प्रभाकरराव आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून सल्ले देणं हाच त्यांचा धंदा. म्हणाले, "वासुदेवराव, नालवाडीले तुमच्या भावाचंच तं दुकान हाये टायरचं. तिकडे काऊन नाई जात?"

"कोणता भाऊ?" मी विचारलं. प्रभाकररावांनी चहा अर्धाच ठेवला.

मला भाऊ नाही. होता एक – चंद्रभान. धाकटा. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याने मला पोस्टाने पाठवली. सख्ख्या थोरल्या भावाला! वर्ध्यातल्या वर्ध्यात! अक्षत घेऊन दारात यायला काय पाय मोडले होते? मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून बोलचाल बंद. बोलायचं असेल तर आधी त्याने बोलावं, मी थोरला आहे.

३ एप्रिल

दुपारी फोन वाजला. उचलला. "हॅलो?" गप्प. "हॅलो, कोण बोलतंय?" गप्प. श्वास ऐकू येतो, माणूस आहे पलीकडे, पण तोंड उघडत नाही. मग खट्. ठेवून दिला. चुकून लागला असेल.

आनंदाला आज जरा बरं वाटलं. उठून बसली. छताकडे बघत मला विचारते, "माह्या गाठीचं शकूले कळलं असन काय हो?"

शकू म्हणजे चंद्रभानची बायको. दोघी जावा वर्षानुवर्षं एका चुलीवर रांधत होत्या. भांडण आम्हा भावांचं, पण या दोघींचं बोलणंही आपोआप तुटलं. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवला.

५ एप्रिल, मंगळवार

गेलो, आलो. चाळीसच्या वर वेग नाही. जीव मुठीत. फोन पुन्हा – गप्प.

८ एप्रिल

सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा! धावत जावं, उचलावा, आणि पलीकडे मुका. तोडून टाकावा वाटतो, पण आमच्या दुकानातल्या ओमप्रकाशचा ट्रंक कॉल येतो आर्वीहून. खताच्या दुकानाचं सगळं तो एकटा बघतोय सध्या, त्याला काही विचारायचं असतं. आज शेवटी ओरडलोच फोनमध्ये – "लाज नाही वाटत? घरात आजारी माणूस आहे!" तर पलीकडून श्वास जोरात झाला आणि खट्.

प्रभाकररावांना विचारलं. ते खुर्चीत असे सावरून बसले जसं काही पुन्हा नोकरीवर घेतलंय. म्हणाले, "हे पाहा. एक – फोन उचलून आपलं नाव सांगाचं नाई. नंबर तं बिलकुल नाई. दोन – रागवाचं नाई. तुमचा राग हाच त्याचा तमाशा असते. तिसरं – त्याले बोलू द्या आधी. तुम्ही गप्प राहा. कंटाळून जाईन."

मी म्हणालो, तुमच्या हापिसात शोधून काढता येत नाही का कुठून येतो ते? "अर्ज द्या. तपास होईन." केव्हा? "होईन ना."

९ एप्रिल

प्रभाकररावांचा उपाय केला. फोन वाजला. उचलला. मी गप्प. तोही गप्प. मी श्वास घेतोय, तो श्वास घेतोय. दोन माणसं दोन टोकांना तोंडात मिठाची गुळणी धरून उभी! आनंदाने आतून हाक मारली, "काय करून राह्यले हो?" काय सांगू? शेवटी मीच ठेवला. तो कंटाळत नाही, मीच कंटाळलो.

१३ एप्रिल

कालची खेप कशीबशी झाली. मागच्या डाव्या टायरला आता फुगा आलाय. तो फुगा घेऊन गाडी चालवणं म्हणजे – नको.

आज आर्वी रोडवर नवीन दुकान कळलं. रूपराव म्हणून कोणी आहे, अमरावतीकडून आलाय. गोड बोलतो. "वासुदेवभाऊ, तुमच्यासाठी काय बी करू!" आत घेऊन गेला. दोन टायर, अगदी अँबेसेडरचे, कोरे करकरीत, कंपनीसारखी कागदाची पट्टी गुंडाळलेली. काळे कुळकुळीत. मी म्हणालो, जरा कागद सोडा, आत बघू द्या. लगेच हात धरला. "कागद फाटला का माल जुना झाला, भाऊ. मंग कोणी नाई घेत. पट्टीच तं गॅरंटी हाये!"

जुने दोन मोडीत घेईन म्हणतो. विचार करून सांगतो म्हणालो. पण विचार कसला करायचा? दुसरं आहे काय?

१७ एप्रिल, रविवार

आज एक वेडेपणा केला. फोन वाजला, मुका होताच. नेहमीसारखी शिवी देणार होतो. पण आनंदाने सकाळपासून पेजेचा घोटही घेतला नव्हता, केसांचा पुंजका उशीवर राहिला तो तिने माझ्यापासून लपवला, आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. उभ्या उभ्या बोलायला लागलो. त्या मुक्याशी!

म्हणालो, बाबा रे, तू जो कोण असशील. तुला वेळ घालवायचाय, मला बोलायचंय. माझी बायको आजारी आहे. दर मंगळवारी तिला नागपूरला न्यायचं आणि माझ्या गाडीला टायर नाहीत. सगळे नाही म्हणाले. तो रूपराव तेवढा देतोय, उद्या जाऊन घेतो त्याचे. ती बरी व्हायला हवी रे. तिच्याशिवाय मी या घरात काय करू?

ठेवला नाही त्याने. कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग कुजबुजल्यासारखं काही झालं, तोंडावर हात ठेवून कोणी बोलावं तसं, आणि खट्. हसला असेल. हसू दे. मला मात्र हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

१८ एप्रिल

सकाळपासून फोनने उच्छाद मांडला! ठेवला की वाजतो, ठेवला की वाजतो. कालचं ऐकून चेव आला वाटतं हरामखोराला! आनंदाच्या डोक्यात घण पडल्यासारखं होतं. शेवटी रिसीव्हर काढून बाजूलाच ठेवला. घे, वाजव आता! ओमप्रकाशचा कॉल गेला तर गेला.

दुपारी रूपरावकडे गेलो. दोन्ही टायर घेतले, जुने मागचे त्याला दिले, तिथेच चढवून घेतले. येताना गाडी काय चालली! रस्त्याचा आवाजच वेगळा. आनंदाला खिडकीशी नेऊन दाखवले. "छान हायेत," म्हणाली. टायरकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

१९ एप्रिल, मंगळवार

नागपूर. जाताना पन्नास, येताना पंचावन्न! कुठे खुट्ट झालं नाही. ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं त्या सगळ्यांच्या दुकानांवरून मुद्दाम गाडी हळू नेली. नालवाडीवरूनही.

२२ एप्रिल

फोन चालूच आहे. आता मी उचलतो आणि आपटतो.

२६ एप्रिल, मंगळवार

बरीच रात्र झालीय. तरी लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

केळझरच्या पुढे फुटला. नवा! मागचा डावा! आधी फडफड, फडफड, जणू मागे कोणी ओला कपडा आपटतंय. मग धडाम. गाडी रस्त्याच्या कडेला घसरत गेली ती पळसाच्या झाडाला लागायची राहिली. आनंदा सीटवरून खाली. तिला उचललं, तर मलाच विचारते, "तुम्हाले लागलं काय?"

खाली उतरून पाहतो तर टायरची साल निघालेली. वरचं जाड रबर लांबच लांब पट्टी होऊन रस्त्यावर पडलंय आणि आत जुनाट, भेगाळलेला, माझ्या टायरपेक्षाही म्हातारा टायर. रबर चढवलेला माल! वरून काळं पॉलिश, वरून कागदाची पट्टी! दुसऱ्याच्या कडेला नख घातलं, तिथेही सांधा हाताला लागला. गोल, सगळीकडून. नाक लावलं तर सोल्यूशनचा वास. हेच दुकानात करता आलं नसतं? नख होतं, नाक होतं!

स्टेपनी लावली, तीही गुळगुळीत, ती फर्लांगभर गेली आणि बसली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. आनंदा निंबाखाली, डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. एका ट्रकवाल्याने शेवटी वर घेतलं, पण नागपूरकडे नाही, वर्ध्याकडे. तोवर डॉक्टरांची वेळ टळून गेली होती. इंजेक्शन चुकलं.

एकही चुकवायचं नाही म्हणाले होते. चुकलं.

२७ एप्रिल

गाडी ओढून आणली. अंगणात विटांवर उभी आहे, मागची दोन्ही चाकं काढून. तो दुसरा टायर मी लावणार नाही, जीव गेला तरी.

रूपरावकडे गेलो. सालपट समोर टाकलं. त्याने डोळेही वर केले नाहीत.

"पट्टी कुठी हाये?"

"कसली पट्टी?"

"कागदाची. पट्टी असन तं परत घेतो. तुम्ही तं फाडली."

"अरे, गाडी चालली की फाटणारच ना ती!"

"मंग? मी चालवली काय?"

त्याची गचांडी धरली होती मी. लोकांनी सोडवलं. माझे जुने दोन टायर मागितले, तर ते विकले म्हणे. ज्यांतून कापड दिसत होतं ते! कोणाच्या गाडीला लागले असतील आता, नवी पट्टी गुंडाळून?

घरी आलो तर फोन वाजतोय.

२८ एप्रिल

प्रभाकररावांनी आपली जुनी स्काउटची शिट्टी आणून दिली. "शेवटचा उपाय. उचलला का फोनमंधी पूर्ण जोर लावून वाजवा. कानाचा पडदा हालला पाह्यजे. पुन्हा नाव नाई घेणार." आधी का नाही दिली? "तुम्ही रागवाल म्हणून."

दुपारी वाजला. उचलला. श्वास. रूपराव, टायर, ते निंबाचं झाड, सगळं गोळा झालं छातीत, आणि फुंकली! अशी फुंकली की माझ्याच कानात दडे बसले.

पलीकडून "आई वो!"

बाईचा आवाज!

मी शिट्टी हातात धरून उभाच. इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे कोणी टवाळ होता, मिशीवाला, पानाच्या ठेल्यावरचा. आणि बाई? आत गेलो. आनंदाने सगळं ऐकलं होतं. तिला म्हणालो, बाई होती गं. एरवी चिडवलं असतं मला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

२९ एप्रिल

फोन नाही. दिवसभर नाही. हवं होतं तेच झालं, तर मग मी सारखा त्याच्याकडे का बघतोय?

मंगळवार जवळ आला. गाडी विटांवर.

३० एप्रिल

सकाळी पुन्हा बाजार, पुन्हा नाही. वरातीच्या एका गाडीवाल्याच्या हातापाया पडलो मंगळवारसाठी, तोही नाही. घरी आलो आणि दारातच थबकलो. आतून हसणं ऐकू येत होतं. आनंदाचं! ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

बैठकीत जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला. भिंत धरधरून आली असणार. फोनचं डबडं मांडीवर ओढून घेतलेलं, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. मला पाहिलं तशी म्हणाली, "आले हे. ठेवतो मी, शकू."

शकू!

मग सगळं सांगितलं तिने. मध्ये मध्ये धाप लागत होती, तरी थांबेना. तो मुका फोन शकूचाच; पहिले तब्येत विचारायला. मी बाजारभर टायर शोधतोय हे कळल्यावर पुढचे टायरसाठी. रूपराव नाव ऐकल्यावर तर रात्रभर झोपली नाही ती. त्याचा माल रबर चढवलेला असतो, हे टायरच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. त्या सोमवारी तेच सांगायला सकाळपासून फोन चालला होता. "आमच्या दुकानात अँबेसेडरचे चार हायेत, कोरे, बाजूले काढून ठेवले. कोणाले देऊन नाई राह्यलो. तेवढं सांगा भाऊजीले," एवढाच निरोप. एवढ्यासाठी हे सगळं.

मी ओरडलो – मग बोलली का नाही? मी उचलत होतो ना!

आनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही भासरे ना तिचे. भासऱ्याशी बोलते काय कोणी?"

खरंच की. मी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. एका घरात इतकी वर्षं राहिलो, पण माझ्यापुढे तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी आलो की पदर ओढून दाराआड. काही सांगायचंच असलं तर आनंदाच्या तोंडून. आमच्याकडची रीतच ती, मला त्यात कधी काही खटकलं नाही. फोनला दारच नाही, कशाच्या आड उभी राहणार? मी उचलला की गप्प. आणि मी काय काय बोललो त्या बाईला! हरामखोरसुद्धा म्हणालो असेन. वरून शिट्टी!

"कान अजून वाजून राह्यला म्हणे तिचा," आनंदा म्हणाली. "पण तेच विचारत होती, भाऊजी लय घाबरले असतीन ना फाटला तवा."

शरमेने मेलो. पण एक सांगतो. ते टायर मी आणणार नाही. शकूने माया केली, ती नवऱ्याच्या चोरून. चंद्रभानला पत्ता लागला तर तिला घरात उभं करायचा नाही तो. त्याच्या दुकानातून त्याच्या नकळत माल उचलायचा? मी? आनंदाला तसं स्पष्ट सांगितलं. मंगळवारचं काहीतरी बघतो उद्या.

१ मे

सकाळी आनंदाला चहा दिला. बशीत ओतता ओतता म्हणाली, "तुम्ही एवढे हुशार. शकूले आकडे तरी वाचता येतात काय? ते नंबर कशी फिरवन?"

मग कोण फिरवतो?

"चंद्रभानभाऊजी. फिरवते, तिच्या हाती देते, अन् बाजूले उभे राह्यते. दर वेळी."

गाडीला चाकं नाहीत. पायीच निघतो नालवाडीला.